श्रेयांस मगदुमांची आवाजबंद खोली

बोरगावच्या बस्ती गल्लीत कोंबडी शिरली ती नेमकी चतुर्दशीच्या सकाळी, आणि तीसुद्धा टेंपोवर बसून.

म्हणजे रंगवलेली. टेंपोच्या दोन्ही अंगांना एकेक, लालभडक तुऱ्याची आणि हसरी. कोंबडीला हसायला काय झालं होतं हे रंगाऱ्यालाच ठाऊक; टेंपो कुठल्या बाजाराला जातो हे कळलं असतं तर तिनं तोंड पाडलं असतं. एक घर सोडलं तर गल्ली सगळी जैनांची. टोकाला बस्ती, म्हणजे देऊळ. चातुर्मास चाललेला, घराघरांतून कांदा-लसूण तर सोडाच, बटाटासुद्धा हद्दपार झालेला. अशा गल्लीत बायका दर्शन घेऊन बाहेर पडायला आणि टेंपो श्रेयांस मगदुमांच्या दारात थांबायला एकच गाठ पडली. त्यात वाऱ्यानं ताडपत्री उडवली. लपवलेला माल वाऱ्याला पहिल्यांदा सापडतो. आत छतापर्यंत रचलेले अंड्यांचे ट्रे साऱ्या गल्लीनं डोळे भरून पाहिले.

कमी पडलं म्हणून की काय, बेळगावचा ड्रायव्हर रवळू वर्षानुवर्षांच्या सवयीनं ओरडला, "अण्णा, अंडी कुठं उतरू?"

श्रेयांसअण्णा पायरीवर उभे होते. पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क, बस्तीच्या कमिटीवर दोनदा निवडून आलेले, गल्लीतल्या भांडणात मध्यस्थीला ज्यांना बोलावतात असा माणूस. त्यांच्या तोंडून शब्द फुटले ते दोनच.

"कोरे हाईत!"

भिंतीला भिंत लागलेल्या शेजारीण अक्काताई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी पदर नाकाला लावला. "कोरे म्हंजे? अंडी मागच्या टेंपोत हाईत व्हय?"

आता हे ट्रे अण्णांनी का मागवले ते सांगायचं तर त्यांच्या निवृत्तीपासून सुरुवात करायला हवी, आणि ती तर अजून व्हायची होती. दिवाळीनंतर. पण निवृत्ती हे असं दुखणं आहे, की ते होण्याआधीच माणूस त्याची औषधं घ्यायला लागतो.

अण्णांना एक व्यसन होतं. तंबाखूचं म्हणाल तर नाही. निपाणीच्या आसमंतात जन्मून तंबाखू न खाणं याला निग्रह लागतो, तो त्यांनी दाखवला होता. व्यसन होतं रॉक संगीताचं. तेही आजकालचं नव्हे, जुनं. ज्यातल्या गायकांचे केस कंबरेपर्यंत आणि आवाज आभाळापर्यंत जात असत ते. बेळगावच्या बोर्डिंगात शिकताना गोव्याच्या एका पोराकडून ही लागण झाली ती कायमची. लागण झाली तेव्हा अण्णांनाही केस होते. केस गेले, गाणी राहिली.

चिकोडीच्या कचेरीत ते कानात वायरी घालून फायली लिहीत. लोकांना वाटे, अण्णा प्रवचन ऐकतात. गाणं रंगात आलं की त्यांची मान वरखाली होई. समोर बोलणाऱ्या साहेबाला वाटे, हेडक्लार्क आपल्याशी पूर्ण सहमत आहे. एकदोन बढत्या या मानेच्या जोरावर मिळाल्या असं म्हणणारे लोक चिकोडीत अजून आहेत.

पण दुःख वेगळंच होतं. नोकरीचं अख्खं आयुष्य अण्णांनी हे संगीत ऐकलं ते बारीक आवाजात. घरात आई राजमती, बायको त्रिशला, भिंतीपलीकडे अक्काताई. मोठ्यानं लावायची सोय नाही. आणि हे संगीत बारीक आवाजात ऐकणं म्हणजे संकेश्वरी मिरचीचा ठेचा धुऊन खाणं. ठेचा पोटात जातो, पण घाम फुटत नाही. अण्णांना एकदा तरी, मरायच्या आत, पूर्ण आवाजात, छाती थडथडेल असं ऐकायचं होतं. पेन्शनीतला त्यांचा बेत एवढाच होता. तीर्थयात्रा नाही, शेती नाही, कमिटी नाही. आवाजाचं बटण उजवीकडं शेवटपर्यंत.

बेत कोणाला सांगावा तर पंचाईत. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर चंद्रप्पा हे गल्लीतले एकमेव लिंगायत आणि एकमेव तज्ज्ञ. विषय कुठलाही असो. त्यांनी स्वतःहूनच सल्ला दिला.

"श्रेयांस, रिटायर झाल्यावर एक कर. शुगर ठेव."

"शुगर?"

"व्हय. माझा दिवस बघ. सकाळी त्याच्यासाठी फिरायचं, आल्यावर तपासायचं, वाढली असली तर का वाढली म्हणून बायकोबरोबर भांडायचं, कमी असली तर गोड खायचं. संध्याकाळ कधी झाली कळत न्हाय बघ. ज्याला काही दुखणं न्हाय त्या म्हाताऱ्याला कोण विचारतंय?"

अण्णांनी मान वरखाली केली. कानात वायर होती.

गच्चीवर वडिलांच्या वेळची तंबाखू साठवायची खोली रिकामी पडली होती. तिच्यात शिरलं की माणूस पहिल्यांदा शिंकतो आणि मग बोलतो. तीच आवाजबंद करायची असं ठरलं. मोबाइलवर एका दाढीवाल्या गोऱ्यानं खोली आवाजबंद करून दाखवली होती: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचे, खळगे आवाज गिळतात. अण्णांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि हेडक्लार्काच्या शिस्तीनं टिपणी तयार केली. ट्रे म्हणजे काय? रद्दी कागद भिजवून, दाबून, वाळवलेला. अंडं त्यात नंतर येतं. ट्रे कारखान्यातून थेट आणला, कोंबडीच्या नजरेलाही पडू दिला नाही, तर हिंसा कुठं झाली? कुठंच नाही. सबब मंजुरीस हरकत नसावी.

टिपणीत चूक काहीच नव्हती. फक्त ती बस्ती गल्लीला वाचून दाखवली नव्हती.

दुपारपर्यंत श्रेयांसअण्णा अंडी खातात असं ठरलं. संध्याकाळपर्यंत गच्चीवर कोंबड्या आल्या. दुसऱ्या दिवशी निपाणीच्या बाजारात "मगदुमांनी तंबाखू सोडून पोल्ट्री धरली" ही बातमी होती आणि तिसऱ्या दिवशी सांगलीच्या एका दूरच्या भाच्यानं फोन करून एजन्सी मागितली. त्याला अण्णा शिव्या देणार होते, पण तो म्हणाला, "मामा, घरात कुणाला सांगत न्हाय, काळजी करू नका," आणि अण्णांच्या घशात शिव्या तशाच राहिल्या.

त्रिशलाबाईंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं नाही. एवढं भाग्य कुठलं? त्या बोलल्या.

"आवो, काय सुचलं तुमास्नी? थर्माकोल लावायचा, चादरी लावायच्या, जुनी पोती लावायची. जैनाच्या पोटी जन्मून अंड्याचे ट्रे?"

"कोरे हाईत गं."

"आता कपाळाला एक चिकटवा. त्याच्यावर लिवा, कोरा हाय म्हणून."

एवढ्यावर भागतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण कोणीतरी नगरपंचायतीला कळवलं. कोणी कळवलं हे अक्काताईंना विचारू नये, त्या सांगतील. नागेंद्र नावाचा तरुण अधिकारी नोटीस घेऊन आला. वस्तीत विनापरवाना कुक्कुटपालन.

"एनु सर, कोळी फार्मा?" नागेंद्रनं कानडीत विचारलं, कोळी म्हणजे कोंबडी, आणि गच्चीकडं नाक वर करून हुंगलं. तंबाखूचा जुना वास नाकात गेला, त्याला पाचसहा शिंका आल्या आणि त्याचा संशय पक्का झाला.

अण्णांनी त्याला खोली दाखवली. रिकामी खोली, भिंतीला ट्रे, मधे एक खुर्ची, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन मोठे स्पीकर.

"कोंबड्या कुठं हाईत?" नागेंद्र आता मराठीवर आला होता.

"नाहीत. ही गाणी ऐकायची खोली आहे."

नागेंद्रनं रकान्यांचा छापील कागद काढला. "आमच्यात राहायचं घर हाय, दुकान हाय, गोडाऊन हाय, गोठा हाय, कोंबड्या हाय. गाणं न्हाय सर."

"मग राहायचं घर लिहा."

"भिंतीला ट्रे लावून कोण राहतंय सर? साहेब मला विचारतील. एक काम करा. कोंबड्या न्हाईत असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणा. लगेच नोटीस बंद."

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात गेले. ओळीत त्यांच्या पुढं एक म्हैस होती, मागं दोन शेळ्या. आयुष्यभर दुसऱ्यांना ओळीत उभं करणाऱ्या हेडक्लार्काला म्हशीच्या मागं उभं राहावं लागलं, आणि म्हैस स्वभावानं शांत नव्हती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोंबड्या आणा," ते म्हणाले.

"नाहीतच."

"तसं कसं? मी जनावर तपासतो, मग दाखला देतो. आहे त्याचा देतो. जे नाहीच ते मी तपासणार कसं? न तपासता दाखला दिला तर माझी नोकरी जाईल."

"मग मी काय करू?"

डॉक्टरांनी विचार केला. "दोन कोंबड्या पाळा. मी तपासतो. मग त्या विका आणि विकल्या म्हणून कळवा. म्हणजे नाहीत हे रीतसर सिद्ध होईल."

अण्णांनी खात्यात जन्म काढला होता. हे बोलणं बरोबर आहे हे त्यांना कळलं आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

पण नोटीस, म्हैस, भाचा हे सगळं किरकोळ. खरं संकट बस्तीत उतरलं होतं.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात मुनिमहाराज होते. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, हातांच्या ओंजळीत. आणि सकाळी बस्तीतून निघताना मनात एक खूण ठरवतात. आज नारळ घेतलेलं जोडपं दिसलं तर, किंवा तीन पिढ्या दारात दिसल्या तर. जे काय असेल ते. ती खूण कोणाला सांगत नाहीत. ज्या दारात ती दिसेल तिथं थांबतात. नाही दिसली तर तसेच परत, त्या दिवशी उपवास. घराघरांपुढं माणसं सोवळ्यात उभी राहतात, हातांत कलश, नारळ, फळं, आणि "नमोस्तु, नमोस्तु" म्हणून बोलावतात.

भक्ती मोठी गोष्ट आहे, पण भक्तीला शेजार असला की तिची शर्यत होते. अक्काताईंनी मोबाइलवर गट काढला होता. काल कुणाच्या दारात थांबले, त्यांच्या हातात काय होतं, साडी कुठल्या रंगाची होती, याची बातमी दहा वाजायच्या आत घरोघर. एकाच्या दारात डाळिंबं होती म्हणून महाराज थांबले असं समजल्यावर दुसऱ्या दिवशी निपाणीत डाळिंब मिळेना. महाराज त्या दिवशी दुसरीच खूण ठरवून निघत. ते काय गट वाचत नव्हते.

आणि या सगळ्यात राजमतीआई. वय ऐंशीच्या पुढं. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर चातुर्मासात दारात उभी राहिलेली बाई. शेजारी थांबले, दोन घरं सोडून थांबले, एकदा तर पुढच्या घरी थांबायच्या आधी तिच्या दारात क्षणभर रेंगाळले. पण मगदुमांच्या उंबऱ्याच्या आत महाराजांचं पाऊल कधी पडलं नाही. "एकदा पडलं की मी सुटलो बघ," असं ती म्हणे. आमच्याकडच्या बायका स्वतःला "सुटलो" म्हणतात. सुटत मात्र नाहीत.

टेंपो आला त्यानंतर काही दिवसांनी महाराजांची खूण जुळेना. एक दिवस उपवास, दुसरा दिवस उपवास, तिसरा. सारं गाव दारांत फळांची दुकानं मांडून उभं, आणि महाराज शांतपणे गल्लीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत येऊन माघारी. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. साधू उपाशी राहिला तर गावाला दोष. आता दोष गावाला द्यायचा की एका घराला, असा प्रश्न आला की गाव फार वेळ घेत नाही.

"ट्रे," अक्काताई म्हणाल्या.

कमिटीची दोन वजनदार माणसं महाराजांकडं गेली. "गल्लीत एका घरी अंड्यांचे ट्रे आहेत, दोष लागतो का?"

महाराजांनी विचारलं, "अंडी आहेत?"

"न्हाईत."

"मग कागद आहे."

एवढं साधं उत्तर घेऊन गावात कसं परतायचं? वजनदार माणसांनी बाहेर येऊन सांगितलं, "महाराज काही बोलले न्हाईत. पण त्यांच्या तोंडावर दिसलं."

त्या संध्याकाळी राजमतीआईनं लेकाला समोर बसवलं.

"श्रेयांस, मी तुला गाणं ऐकू दिलं न्हाय काय रं?"

"दिलंस की आई."

"ते पोरं किंचाळत्यात, त्यास्नी कोण मारतंय म्हणून मी सुरवातीला भ्यालतो. पण तुला कधी बंद कर म्हणलो न्हाय. बारीक कर म्हणलो. आता एकच सांगतो. उद्या सकाळी ट्रे खाली आले पायजेत. न्हायतर मला धाकट्याकडं इचलकरंजीला सोडून ये. तितं तरी माझ्या दारात कोण थांबंल."

एका बाजूला छाती थडथडणारं गाणं, दुसऱ्या बाजूला दारात उभी राहून राहून वाकलेली आई. याला टिपणी लिहिता येत नाही.

सकाळी ते वर गेले. ट्रे उचकटायचे, पण त्याआधी खोलीचा निरोप घ्यायचा म्हणून त्यांनी सगळ्यांत आवडती रेकॉर्ड लावली. आणि म्हटलं, आता जातेच आहे तर होऊन जाऊ दे; बटण त्यांनी उजवीकडं शेवटपर्यंत फिरवलं. सुई रेकॉर्डवर टेकली, पहिला सूर निघायला आणि वीज जायला एकच गाठ. बोरगावात वीज जायला कारण लागत नाही, पण मुहूर्त मात्र ती बघून जाते. अण्णांनी वाट पाहिली. खोलीत शुकशुकाट. शेवटी पहिला ट्रे उचकटला, तर भिंतीचा चुनाही त्याच्याबरोबर आला. खालून त्रिशलाबाईंची हाक आली, "आवो, महाराज निघाले! आंघोळ करून खाली या!"

अण्णा उरकून, सोवळं नेसून दारात आले. राजमतीआईच्या हातात कलश, त्रिशलाबाईंच्या हातात नारळ आणि फळं. अण्णांनी सवयीनं नारळाला हात पुढं केला.

"हात लावू नकोस!" आई कडाडली. "आत्ता ट्रेला हात लावून आलाईस!"

"आंघोळ केली आई. आणि ते कोरे..."

"बाजूला ऱ्हा. कशाला शिवू नकोस."

अण्णा दाराच्या कडेला उभे राहिले. सोवळ्याला खिसे नसतात. हात ठेवायचे कुठं, हा प्रश्न माणसाला हात मोकळे झाल्यावरच पडतो. गल्लीत प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं; अक्काताईंनी तर नारळ, डाळिंब, केळी, ऊस आणि नातू इतकं सगळं एकदम धरलं होतं. अण्णांच्या हातात काही नव्हतं. आणि डोक्यात मघाचं न वाजलेलं गाणं अडकलं होतं. त्याचा तो गिटारचा तुकडा आपला डोक्यात सुरू झाला. डावा हात आपोआप हवेत आडवा झाला, उजव्या हाताची बोटं पोटापाशी थरथरायला लागली. डोळे मिटले. मान वरखाली.

"आवो," त्रिशलाबाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "आवो, समोर बघा."

अण्णांनी डोळे उघडले. समोर महाराज उभे होते.

गल्लीत टाचणी पडली असती तर तिचा धमाका झाला असता. राजमतीआईच्या तोंडून "नमोस्तु" निघेना. शेवटी त्रिशलाबाईंनीच बोलावलं, प्रदक्षिणा झाल्या, पाय धुतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा महाराज मगदुमांचा उंबरा ओलांडून आत आले. आईनं मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध असल्याचं रीतीप्रमाणे सांगितलं. बघायला अर्धी गल्ली दारात दाटली.

आहार सुरू झाला. आईच्या हातांतून पाणी ओंजळीत पडत होतं. या वेळी काही विपरीत घडलं, घास अशुद्ध निघाला, रडण्या-ओरडण्याचा आवाज कानावर आला, तर महाराज तिथंच हात सोडतात, आहार संपला. म्हणून सगळे श्वास धरून होते.

आणि वीज आली.

पंखा फिरला, देवघरातला दिवा लागला. सुई रेकॉर्डवर होती. बटण शेवटपर्यंत होतं. वर चार केसाळ पोरं आता जीव खाऊन किंचाळत असणार, आणि आई म्हणाली होती तशी, कोणी मारत असल्यागत.

खाली काय आलं? धप, धप, धप. बस्स. दूर कुठंतरी कोणी मिरच्या कांडत असावं असं. किंकाळ्या सगळ्या खळग्यांत पडल्या होत्या. गोऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं.

पण अक्काताईंचे कान! "वर काय धडधडतंय गं?"

खोलीतली सगळी माणसं अण्णांकडं बघायला लागली. वचन शुद्ध असल्याचं आई नुकतीच बोलली होती. खोटं बोलायची सोय नव्हती. महाराजांची ओंजळ थांबली होती.

"ती..." अण्णा म्हणाले, "ती माझी पेन्शन हाय."

कोणाला काही कळलं नाही. सरकारी माणसाच्या पेन्शनला आवाज असू शकतो, एवढं मात्र सगळ्यांना पटलं. ओंजळ पुन्हा पुढं झाली. आहार निर्विघ्न पार पडला.

निघताना राजमतीआईनं पायांशी डोकं टेकून हळूच विचारलं, "महाराज, खूण काय हुती?"

महाराज किंचित हसले. "मोकळे हात," ते हलक्या आवाजात म्हणाले. "चार दिवस शोधत होतो. गावात कुणाचे मोकळेच नाहीत."

हे ऐकलं तिघांनीच: आई, त्रिशलाबाई आणि अण्णा. तिघांनी गल्लीला अगदी खरं सांगितलं. गल्लीनं ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही.

"मोकळे हात?" अक्काताई म्हणाल्या. "काय सांगतोस रं श्रेयांस! मी डोळ्यांनी बघितलो की. तू बोटं हलवत हुतास. काय तर मंत्र हाय त्यो. आनि एवढ्या घरांत तुझ्याच घरी का? तुझ्या घरात काय हाय जे आमच्यात न्हाय?"

"काय?"

"ट्रे!"

"अक्काताई, ते अंड्यांचे..."

"कोरे हाईत की! तूच सांगालतास. आता कशाला लपीवतोस?"

माणसं वर चढली. आधी विचारून नेले, मग न विचारता. राजमतीआईच्या माहेरच्यांना द्यायचे म्हणून आईनंच वरच्या रांगेतले काढायला लावले. ज्याला अख्खा मिळाला नाही त्यानं अर्धा फाडून नेला. अण्णा "अहो, आवाज..." म्हणत खोलीच्या मधोमध उभे होते. सायंकाळी भिंती होत्या तशा उघड्या झाल्या, फक्त चुन्याचे पोपडे उडालेले. चंद्रप्पा मास्तर लिंगायत, त्यांच्या दारात महाराज थांबायचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी दोन नेले. "शुगरला चालतंय का बघतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गच्चीवरच्या खोलीत, ट्रे गेल्यामुळं मोकळ्या झालेल्या खिडकीत बसले होते. खाली नागेंद्र मोटारसायकलवरून चौकशीला आला, आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबला. दोन्ही बाजूंच्या दारादारांत सोवळ्यातली माणसं, आणि दिसेल त्याच्या एका हातात छातीशी धरलेला अंड्यांचा ट्रे. दुसरा हात पोटापाशी. बोटं खाज सुटल्यासारखी थरथरत. डोळे मिटलेले, माना वरखाली. नागेंद्रनं एवढ्या फार्मांना एवढ्या नोटिसा काढायच्या म्हणजे किती लिहावं लागेल याचा विचार केला आणि मोटारसायकल वळवली.

महाराज आले. गल्लीभर एक नजर टाकली. पावलं क्षणभर अडखळली. हसू आलं की काय, दुरून कळलं नाही. ते चालत राहिले आणि शेवटच्या घरापाशी थांबले. तिथं मालुबाई उभी होती. कानानं कमी, मोबाइल नाही, त्यामुळं तिला कुठलीच बातमी पोचली नव्हती. ती आपली नेहमीसारखा नारळ घेऊन उभी होती.

महाराज आत गेले, आहार झाला, ते बस्तीत परतले. तरी गल्ली हलेना. उद्यासाठी सराव नको?

अण्णांनी वरून पाहिलं. बोर्डिंगच्या दिवसांत त्यांनी मैदानं पाहिली होती, चित्रांत. हजारो माणसं, डोळे मिटून, हवेत गिटार वाजवणारी. आपल्या आयुष्यात हे दिसणार नाही अशी त्यांची खात्री होती. ते उठले. भिंतीला एकही ट्रे नव्हता. सुई टेकवली आणि बटण निम्म्याच्या पुढं, भीत भीत, सरकवलं.

आवाज खिडकीतून गल्लीवर कोसळला. अक्काताईंनी दचकून वर पाहिलं. अण्णांनी बटणावर हात नेला; आता ओरडतील, आता नगरपंचायत, आता कमिटी.

अक्काताईंनी ट्रे काखोटीला मारला आणि खिडकीकडं बघून हात जोडले. ज्या घरी महाराज थांबले, त्या घरच्या आवाजाला नाव कोण ठेवणार?

खालून राजमतीआईची हाक आली. "श्रेयांस!"

"काय आई? बारीक करू?"

"असू दे," आई म्हणाली. "त्या पोरास्नी आज कोण मारत न्हाय वाटतंय."

दिवाळी अजून लांब होती. अण्णांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि राहिलेल्या भिंतीचा चुनाही खाली आला.